शिबिरात जुळलेली मुलं

३१ डिसेंबर १९४१ ची रात्र. गाव विल्ना, म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी विल्नियस. ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीला घेटो म्हणत. विल्नाच्या घेटोत स्ट्राशुना रस्त्यावर एक अन्नछत्र चालायचं. त्या रात्री तिथे दीडशेच्या आसपास तरुण-तरुणी जमले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, पोरं नव्या वर्षाचं स्वागत करायला आलीत. आत तेवीस वर्षांचा अब्बा कोव्हनर उभा राहिला आणि त्यानं एक जाहीरनामा वाचून दाखवला. सांगणं थेट होतं. ज्यांना इथून नेलं ते परत येणार नाहीत, हिटलरला युरोपातले सगळेच ज्यू संपवायचे आहेत, तेव्हा निमूट मान द्यायची नाही, हात उगारायचा.

या जाहीरनाम्याची तारीख पुन्हा पाहावी. संहाराची व्यवस्था कशी लावायची हे ठरवण्यासाठी बर्लिनजवळ वान्झेला नाझी अधिकाऱ्यांची बैठक भरली ती २० जानेवारी १९४२ ला, म्हणजे तीन आठवड्यांनंतर. पोलंडमधलं खेल्म्नोचं पहिलं मृत्युकेंद्र सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. वॉर्सामधले अनुभवी ज्यू पुढारी तेव्हा म्हणत होते की विल्नात झालं ते भयंकर आहे, पण ते तिथल्यापुरतं आहे. मग सगळ्या युरोपभर पसरणारं हे संकट तेवीस वर्षांच्या एका पोराला आधी कसं दिसलं? आणि दीडशे जणांनी त्याच्यावर विश्वास कसा ठेवला?

उत्तर शोधत गेलं की ते बंदुकांपाशी सापडत नाही. ते सापडतं मुलांच्या शिबिरांत, पदयात्रांत आणि शेकोटीभोवतीच्या गाण्यांत. हे कळलं तेव्हा मी थक्क झालो, आणि अजूनही त्या थक्क होण्यातून बाहेर आलेलो नाही.

खेळ, डोंगर आणि एक तुकडी

सुट्ट्या लागल्या की परतवाड्याचा घाट चढून शाळांच्या, संस्थांच्या गाड्या चिखलदऱ्याला येतात. गाविलगडाच्या तटावर पोरं चढतात, पंचबोल पॉइंटवर हाका मारून प्रतिध्वनी मोजतात, रात्री थंडीत एकमेकांना खेटून बसतात. दहा-बारा जणांची तुकडी, त्यांच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा असलेला एक दादा किंवा ताई, आणि मागे कुणी राहिलं तर सगळ्यांनी थांबायचं, हा नियम. पूर्व युरोपातल्या ज्यू युवक चळवळींचा पाया नेमका हाच होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभर तरुणांना मोकळ्या हवेत आणण्याची एक लाट आली. जर्मनीत मुलं पाठीवर पडशी टाकून रानोमाळ भटकू लागली, इंग्लंडात १९०७ मध्ये बेडन-पॉवेलनं स्काउटची सुरुवात केली. या दोन्हींचा वारसा घेऊन १९१३ मध्ये गॅलिशियात, म्हणजे पोलंड आणि युक्रेनच्या सीमाभागात, 'हाशोमेर हात्झाइर' ही ज्यू मुलामुलींची संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, आपल्या अमरावतीत अंबादासपंत वैद्यांनी आखाडा उभा केला. तो पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर गाजला. या दोन गटांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. पण दोघांची धारणा एक होती. ज्या समाजाला दुबळा म्हणून हिणवलं जातं, त्याच्या पोरांनी आधी शरीर ताठ करावं, मग मन, मग सगळ्यांनी मिळून उभं राहावं.

पोलंडमध्ये अशा संघटना कितीतरी होत्या. हाशोमेर हात्झाइर आणि 'द्रोर' समाजवादाकडे झुकलेल्या, 'अकिवा' परंपरेला जपणारी, 'बेतार' उजव्या विचाराची, तर 'बुंद' या ज्यू कामगार पक्षाची युवक शाखा म्हणायची की आपलं भवितव्य पोलंडच्या कामगारांसोबतच आहे. त्यांच्यात कडाक्याचे वाद होत. आपल्याकडे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजापर्यंतही हे लोण आलं आणि मुंबईत 'हबोनीम' या ज्यू युवक संघटनेचं काम चाललं. कोकणात तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी तो बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' शतकानुशतकं शेजाऱ्यांच्या द्वेषाला सामोरे न जाता राहिले. मुंबईची पोरं शिबिराहून घरी परतली. वॉर्साच्या पोरांना परतायला घरच उरलं नाही.

बर्लिन, १९३६ आणि १९४२

वऱ्हाडाचा या कथेशी एक चटका लावणारा संबंध आहे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू तिथे गेला आणि कबड्डीसह आपल्या मातीतल्या खेळांची प्रात्यक्षिकं त्यानं जगाला दाखवली. वऱ्हाडाला याचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण त्याच दिवसांत बर्लिनमध्ये आणखी काय चाललं होतं तेही पाहायला हवं. ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून रस्त्यांवरून तात्पुरत्या उतरवल्या होत्या. ग्रेटेल बर्गमन ही उंच उडीतली अव्वल ज्यू खेळाडू ऐनवेळी जर्मन संघातून वगळली गेली होती. शहराबाहेर, ओरानियेनबुर्गला, साक्सेनहाउझेनची छळछावणी त्याच उन्हाळ्यात बांधली जात होती. पाहुण्यांना यातलं काही दिसू नये, असाच सगळा बंदोबस्त होता.

त्याच बर्लिनमध्ये सहा वर्षांनी, १८ मे १९४२ ला, हेर्बर्ट बाउम आणि त्याच्या सोबत्यांनी नाझींच्या एका प्रचार-प्रदर्शनाला आग लावली. या गटातली बहुतेक मुलं विशीतली होती आणि पुष्कळांची ओळख ज्यू युवक संघटनांमध्येच झालेली होती. आग फारशी पसरली नाही. पण सूड म्हणून बर्लिनमधल्या पाचशे ज्यूंना पकडण्यात आलं आणि त्यांतल्या अडीचशे जणांना लगेच गोळ्या घातल्या. 'त्यांनी प्रतिकार का केला नाही?' असं विचारणाऱ्यानं हा हिशेब आधी लक्षात घ्यावा. एकानं दगड उचलला तर त्याच्या आईला, शेजाऱ्याला, ओळखदेख नसलेल्या माणसालाही त्याची किंमत मोजावी लागे.

सुटलेले परत आले

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीनं पोलंडवर झडप घातली तेव्हा या संघटनांचे बहुतेक पुढारी पूर्वेकडे, विल्नाच्या दिशेनं निसटले. तिथून पॅलेस्टाइनकडे जाण्याची थोडीफार आशा होती. आणि इथे ती गोष्ट घडली, जिच्यावर या सगळ्या इतिहासाचा डोलारा उभा आहे. ते परत फिरले.

पंचविशीतली फ्रुम्का प्लोट्नित्स्का सगळ्यात आधी वॉर्साला परतली. १९४० च्या जानेवारीत झिव्हिया लुबेटकिन आली. मोर्देखाय अनिलेविच, योसेफ काप्लान, तोस्या आल्टमन हेही आले.  आपल्या तुकडीतली लहान मुलं मागे राहिली आहेत आणि मागे कुणी राहिलं तर थांबायचं असतं, हेच कारण सगळ्यात मोठं होतं. शेकोटीजवळ शिकलेला नियम त्यांनी जिवावर उदार होऊन पाळला.

नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्साचं घेटो भिंतींनी बंद झालं. सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरांत चार लाखांहून जास्त माणसं. माणशी मिळणारा शिधा दिवसाला दोनशे कॅलरींपेक्षाही कमी. १९४२ च्या मध्यापर्यंत तिथे भुकेनं आणि रोगराईनं ८० हजारांवर माणसं गेली.

अशा जागी या मुलांनी पहिलं काय केलं? शाळा काढली. द्रोरनं झेल्ना रस्त्यावरच्या ३४ नंबरच्या घरात चोरून माध्यमिक शाळा चालवली. मूठभर मुलांवर सुरू झालेली ही शाळा पुढे शंभरावर गेली. पकडले जाण्याचा धोका आहे, हे माहीत असताना ती मुलं गणित आणि इतिहास शिकत होती. द्रोरनं ज्यू इतिहासातल्या यातना आणि शौर्य यांच्यावरचा एक संग्रह सायक्लोस्टाइल करून गुपचूप वाटला. गुप्त वर्तमानपत्रं निघू लागली. एक प्रत कित्येकांच्या हातांतून फिरे. लढाईची कल्पनासुद्धा मनात नव्हती तेव्हा त्यांची लढाई होती ती भुकेल्या पोराचं माणूसपण टिकवण्याची.

घेटोत असं काम करणारे ते एकटेच नव्हते. यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी १८ जुलै १९४२ ला एक नाटक केलं. नाटक होतं रवींद्रनाथ टागोरांचं 'डाकघर'. खिडकीतून जग पाहणाऱ्या, मरणाच्या दारात असलेल्या अमलची ती गोष्ट. बंगालमध्ये लिहिलेले संवाद वॉर्साच्या भिंतींआड मुलांच्या तोंडी आले. तीन आठवड्यांच्या आत ती सगळी मुलं आणि त्यांना एकटं सोडायला नकार देणारे कोर्चाक ट्रेब्लिंकाच्या मृत्युकेंद्राकडे जाणाऱ्या गाडीत होते.

वेण्या घातलेल्या हेर

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. कोव्हनरला कळलं कसं?

जर्मनांनी प्रत्येक घेटो दुसऱ्यापासून तोडलं होतं. टपाल तपासलं जाई, रेडिओ बाळगणं हा गुन्हा होता आणि आगगाडीत बसलेला ज्यू सापडला तर त्याला मरण होतं. प्रत्येक गावाला फक्त आपलं दुःख दिसत होतं. ही तोडलेली गावं पुन्हा जोडली ती मुलींनी.

मुलींनीच का? याची कारणं अगदी साधी आहेत. सुंता झालेल्या ज्यू पुरुषाला रस्त्यात कुठेही कपडे उतरवून ओळखता येई, बाईला तसं ओळखता येत नसे. शिवाय पुष्कळ ज्यू घरांत मुलगे धार्मिक शाळेत जात आणि मुली सरकारी पोलिश शाळेत. त्यामुळे मुलींची पोलिश भाषा शेजारच्या ख्रिस्ती मुलीसारखीच अस्सल असे. घरानं मुलाच्या शिक्षणाला मोठं मानलं, मुलीला जवळच्या शाळेत घातलं आणि त्या फरकातून या दूत तयार झाल्या. त्यांनी केस सोनेरी केले, गळ्यात क्रूस घातला, खोटी ओळखपत्रं बनवली. त्यांना सगळ्यात जपावं लागे ते डोळ्यांना, कारण डोळ्यांतलं दुःख पाहून माणूस ओळखू येई. म्हणून त्या डब्यात हसत, गप्पा मारत बसत आणि सामान उचलायला जर्मन शिपायाचीच मदत मागत.

बेला हाझान ही दूत तर ग्रोद्नो शहरात गेस्टापोच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, कचेरीत दुभाषी म्हणून नोकरीला लागली. १९४१ च्या नाताळात तिथल्या मेजवानीला तिच्यासोबत लोन्का कोझिब्रोड्स्का आणि तेमा श्नायडरमन या दोघीही हजर होत्या. तिघींचा त्या दिवशीचा फोटो आजही पाहायला मिळतो. फुललेले चेहरे, नीट विंचरलेले केस. तिघी ज्यू, तिघी भूमिगत चळवळीच्या दूत. पुढे तेमा आणि लोन्का वाचल्या नाहीत. बेला ऑशविट्झच्या छावणीतूनही जगून परतली.

या दूतांना मदत करणारी एक कॅथलिक स्त्रीही होती. इरेना अदामोविच पोलिश स्काउट संघटनेची कार्यकर्ती. युद्धाआधी ज्यू स्काउटांशी तिची मैत्री जुळली होती. १९४२ मध्ये ती घेटोंमागून घेटो पालथी घालत निरोप पोहोचवत राहिली. विल्नाजवळच्या मठातल्या आना बोर्कोव्स्का या मठप्रमुख साध्वीनं कोव्हनर आणि त्याच्या सोबत्यांना नन्सच्या वेषात लपवलं आणि नंतर स्वतः हातबॉम्ब घेटोत पोहोचवले.

डिसेंबर १९४१ च्या अखेरीस तोस्या आल्टमन वॉर्साहून विल्नात पोहोचली. विल्नाबाहेर पोनारीच्या रानात हजारोंना गोळ्या घातल्या होत्या. काही जखमी जण खड्ड्यांतून सरपटत परत आले आणि त्यांनी ते सांगितलं होतं. मोठ्यांना ते खरं वाटेना. अशी गोष्ट कुणाला खरी वाटेल? पण या मुलांपाशी एक गोष्ट होती जी पुढाऱ्यांपाशी नव्हती. गावोगावच्या बातम्या एकत्र येऊन त्यांच्याकडे जमत होत्या, आणि त्या आणणारी व्यक्ती त्यांच्याच तुकडीतली होती. शिबिरात जिच्यासोबत एका ताटात जेवलो ती खोटं बोलणार नाही. म्हणून त्यांना नुसत्या घटना दिसल्या नाहीत, त्यांच्यामागचा आराखडा दिसला. त्या रात्री कोव्हनरनंतर तोस्यानं तोच जाहीरनामा हिब्रूमध्ये वाचला आणि मग ती बातमी घेऊन वॉर्साकडे निघाली. २१ जानेवारी १९४२ ला विल्नात डावे, उजवे, कम्युनिस्ट असे एकमेकांशी भांडणारे गट एकाच भूमिगत संघटनेत आले.

मग रानात का नाही गेले?

मेळघाटच्या कुशीत राहणाऱ्या वाचकाला हा प्रश्न पडणारच. एवढं घनदाट रान शेजारी असताना माणूस भिंतीआड का थांबेल?

पण मेळघाटच्या माणसाला याचं उत्तरही ठाऊक आहे. रान अनोळखी माणसाला पोसत नाही. मोहाचं फूल कधी वेचायचं, कुठला कंद उकडून खायचा, उन्हाळ्यात पाणी कुठल्या झऱ्याला राहतं हे कोरकू माणसाला पिढ्यांच्या अनुभवातून माहीत असतं. अमरावतीहून आलेला पोरगा पायथ्याच्या गावानं भाकरी दिली नाही तर आठवडाभरही तग धरणार नाही. विल्नाची, वॉर्साची ही मुलं शहरातली होती. हिवाळ्यात तिथे पाणी गोठतं. भोवतालच्या खेड्यांत मदत करणारे होते, तसेच पकडून देणारेही होते. ज्यूला आसरा देणाऱ्या पोलिश घराला देहदंड होता. शस्त्राशिवाय आलेल्याला रानातल्या टोळ्याही उभं करून घेत नसत. आणि सगळ्यात मोठी बेडी घरची होती. म्हातारी आई आणि लहान भाऊ यांना सोडून कसं जायचं? विल्नाच्या लढवय्यांनी शेवटपर्यंत घेटोतच उठाव करायचं ठरवलं होतं. तो होऊ शकला नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये घेटो रिकामं होत असताना उरलेले जण गटारांच्या भुयारांतून बाहेर पडले आणि रुदनिकीच्या रानात गनिमी लढ्याला गेले.

त्याआधी त्यांच्या वाट्याला जी कसोटी आली ती शत्रूच्या गोळीहून कठीण होती. जुलै १९४३ मध्ये जर्मनांनी त्यांचा सेनानी इत्झिक विटेनबर्ग याला मागितलं. तो मिळाला नाही तर सगळं घेटो उद्ध्वस्त करू, अशी धमकी होती. घाबरलेले लोक रस्त्यावर उतरले. सोबत्यांपुढे प्रश्न होता की आपल्याच लोकांवर बंदूक चालवायची का. विटेनबर्गनं सूत्रं कोव्हनरकडे दिली, तो स्वतः शत्रूच्या हवाली झाला आणि कोठडीत मेला.

वॉर्सा

२२ जुलै १९४२ ला वॉर्सा घेटोतून गाड्या सुटू लागल्या. सप्टेंबरपर्यंत सुमारे २ लाख ६५ हजार माणसं ट्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आली. २८ जुलैला हाशोमेर हात्झाइर, द्रोर आणि अकिवा यांच्या कार्यकर्त्यांनी ज्यू लढाऊ संघटना स्थापन केली. हत्यारं म्हणावी तर जवळजवळ काहीच नव्हती. फ्रुम्कानं बटाट्यांच्या पोत्यात तळाशी दडवून पहिली पिस्तुलं आत आणली, असं सांगतात. ३ सप्टेंबरला योसेफ काप्लान पकडला गेला, त्याचा सोबती श्मुएल ब्रेस्लाव मारला गेला आणि जमवलेली शस्त्रंही गेली. त्या रात्री काही जणांनी ठरवलं की हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडू आणि मरू. द्रोरच्या यित्झाक झुकरमननं त्यांना अडवलं. पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं, असं त्यानं पटवलं. मरायला निघालेल्या विशीतल्या मुलांना जगून तयारी करायला लावणं याहून मोठं नेतृत्व कुठलं?

१८ जानेवारी १९४३ ला जर्मन पुन्हा माणसं न्यायला आले. लढाऊ संघटनेचा सेनानी अनिलेविच आणि त्याचे सोबती स्टेशनाकडे हाकलल्या जाणाऱ्या रांगेत गुपचूप मिसळले आणि इशारा होताच पहारेकऱ्यांवर तुटून पडले. त्यातले बहुतेक मारले गेले. पण चार दिवसांत ती धरपकड थांबली, आणि घेटोत उरलेल्या पन्नास-साठ हजार माणसांच्या मनात काहीतरी उलटलं. ज्या मोठ्यांनी ऐकलं नव्हतं ते आता तळघरं खणू लागले. पोलिश भूमिगत सेनेनं पन्नासएक पिस्तुलं आणि हातबॉम्ब दिले.

१९ एप्रिल १९४३, वल्हांडण सणाची पूर्वसंध्या. सुमारे दोन हजारांची फौज घेटोत शिरली आणि चौकाचौकांतून गोळ्या आल्या. लढणारे दोन संघटना मिळून सातशेच्या आसपास. त्यांतली दुसरी, बेतारच्या तरुणांनी उभी केलेली ज्यू सैनिकी संघटना, मुरानोव्स्की चौकात लढली. समोरासमोर जमेना तेव्हा जर्मनांनी एकेक घर पेटवत नेलं. ८ मे रोजी मिला रस्त्यावरच्या १८ नंबरच्या घराखालच्या तळघरात अनिलेविच आणि त्याचे सोबती संपले. तो चोवीस वर्षांचा होता. १० मे रोजी एकोणीस वर्षांच्या सिम्खा रोतेमनं, ज्याला सगळे काझिक म्हणत, मूठभर वाचलेल्यांना गटारातून बाहेर काढलं. त्यांत झिव्हिया लुबेटकिन आणि उठावाचा एक पुढारी मारेक एडेलमन होते. १६ मे रोजी जर्मनांनी मोठं सिनेगॉग सुरुंगानं उडवलं आणि सारं संपल्याचं जाहीर केलं. नाझींच्या ताब्यातल्या युरोपात मोठ्या शहरात झालेला हा पहिला नागरी उठाव.

इतर शहरं, इतर हत्यारं

हे एका वॉर्सापुरतं नव्हतं. क्राकोत अकिवाच्या मुलांनी २२ डिसेंबर १९४२ ला जर्मन अधिकाऱ्यांच्या 'सिगानेरिया' कॅफेवर बॉम्ब टाकले. त्यांची सोबती गुस्ता दाविद्सोन द्रेंगेर हिनं तुरुंगात मिळतील त्या कागदाच्या चिटोऱ्यांवर या लढ्याची हकीकत लिहिली. कोठडीतल्या मैत्रिणी तिला आडोसा करून बसत आणि प्रती काढत. फ्रान्समध्ये ज्यू स्काउटांनी खोटी ओळखपत्रं बनवली आणि मुलांना स्वित्झर्लंडच्या हद्दीपार नेलं. मारियान कोन मुलांच्या एका तुकडीसह सीमेजवळ पकडली गेली. तिला सोडवण्याची तयारी झाली होती, पण मुलांवर सूड उगवला जाईल म्हणून तिनं सुटायला नकार दिला. जुलै १९४४ मध्ये ती मारली गेली, मुलं वाचली. बुडापेस्टमध्ये अठरा वर्षांच्या दाविद गुरकडे बनावट कागदपत्रांच्या कारखान्याची जबाबदारी होती, आणि लोकांना सीमेपार काढण्याच्या मोहिमांना ती मुलं 'सहल' म्हणत. ऑशविट्झमध्ये हाशोमेर हात्झाइरच्या रोझा रोबोतानं दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या मुलींकरवी चिमूटचिमूट दारू चोरून जमवली. ७ ऑक्टोबर १९४४ च्या तिथल्या बंडात ती वापरली गेली. रोझा आणि तिच्या तीन साथिणींना जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिली.

माझ्या मनावर सगळ्यात खोल उमटलेली दोन नावं मात्र लढवय्यांची नाहीत. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांनी वॉर्सा घेटोत एक गुप्त संग्रह जमवला होता. पत्रं, निबंध, शिध्याची कार्डं, मुलांच्या वह्या असं सगळं त्यात होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये गाड्या सुटत असताना तो पत्र्याच्या पेट्यांत भरून शाळेच्या तळघरात पुरण्यात आला. पुरणारे होते शिक्षक इस्रायल लिख्टेनश्टाइन आणि त्यांचे दोन माजी विद्यार्थी, दाविद ग्राबेर आणि नाखुम गझिवाच. एक एकोणीस वर्षांचा, दुसरा अठरा. त्यांनी स्वतःबद्दलही दोन ओळी लिहून पेटीत ठेवल्या. ते दोघे वाचले नाहीत. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, तर दुधाच्या दोन कॅनांत नंतर पुरलेला संग्रहाचा पुढचा भाग १९५० मध्ये. हजारो कागदांचा तो संग्रह आज मारेकऱ्यांच्या कागदपत्रांना मेलेल्यांनी दिलेलं उत्तर आहे.

तोच ऑगस्ट

२८ जुलै १९४२ ला वॉर्सात लढाऊ संघटना झाली. त्यानंतर बाराव्या दिवशी, ९ ऑगस्टला, मुंबईत पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि 'चले जाव' तरुणांच्या हाती आलं. १६ ऑगस्टला चिमूर, आष्टी आणि आमच्या वरूड भागातलं बेनोडा पेटलं. तुकडोजी महाराजांची यावली पेटली. बावीस वर्षांची उषा मेहता मुंबईत गुप्त रेडिओ चालवत होती. नंदुरबारचा शिरीषकुमार पंधराव्या वर्षी गोळी झेलून गेला.

या दोन लढ्यांना एका मापानं मोजणं चूक ठरेल. इंग्रजांनी गोळ्या घातल्या, फाशी दिली, गावं चिरडली. पण एका समाजातलं प्रत्येक बाळ शोधून मारायचं, असा आराखडा इथे नव्हता. तिथे तो होता, आणि त्यात ६० लाख माणसं गेली. तरी बळाचा झरा कुठून फुटतो हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. पुढारी तुरुंगात गेल्यावर इथे काम चालवलं ते आखाड्यांनी, भजनी मंडळींनी, १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी. जे एकत्र घाम गाळतात, एकत्र गातात, ते संकटात एकमेकांच्या घरचं दार रात्री ठोठावू शकतात. हा विश्वास संकट आल्यावर तयार करता येत नाही. तो आधीच असावा लागतो.

वाचलेल्यांनी पुढे काय केलं? झिव्हिया आणि झुकरमन यांनी सोबत्यांसह १९४९ च्या १९ एप्रिलला इस्रायलमध्ये घेटो-लढवय्यांची वसाहत स्थापन केली आणि तिथे या इतिहासाचं संग्रहालय उभं केलं. मारेक एडेलमन पोलंडमध्येच राहिला आणि हृदयरोगाचा डॉक्टर झाला. मरणाच्या दारातून माणसं परत आणणं त्यानं आयुष्यभर चालू ठेवलं.

या मुलांना लढाईचं शिक्षण कुणीच दिलं नव्हतं. त्यांना शिकवलं होतं ते इतकंच की आपल्या दहा जणांची जबाबदारी आपली आहे. तेवढ्या एका धड्यातून शाळा निघाली, वर्तमानपत्र निघालं, दूतांचं जाळं विणलं गेलं, कागदांचा संग्रह वाचला आणि शेवटी बंदूकही उचलली गेली. म्हणून आपल्या गावात कुणी चार पोरं जमवून आखाडा चालवत असेल, डोंगरावर शिबिर नेत असेल, वीस वर्षांच्या ताईच्या हाती दहा मुलं सोपवत असेल, तर त्याला सुट्टीतली करमणूक समजू नये. समाज आपल्या सगळ्यात वाईट दिवसासाठी जी शिदोरी बांधतो, तिची सुरुवात तिथेच होते.